लंगोट पाच पाण्यांतून काढूनही कडकच

ती माझ्याकडे सल्ल्याला आली तेव्हा तिचं बाळ दहा आठवड्यांचं होतं. सासूबाई बाळाला मांडीवर घेऊन बाहेर बसल्या. आत आल्या आल्या तिने पिशवीतून एक लंगोट काढून माझ्या टेबलावर ठेवला.

"ताई, हात लावून बघा. नुसता पापड झालाय. बाळाच्या मांड्या लाल झाल्यात. डॉक्टर म्हणाले, घाबरू नका, कोरडं ठेवा, हे मलम लावा. पण मीच नीट धूत नाहीये ना?"

बाळंतिणींच्या तोंडून हा शेवटचा प्रश्न मी नेहमी ऐकते. कपडा कडक झाला, वास राहिला, पुरळ आलं, की पहिला आरोप त्या स्वतःवरच करतात. म्हणून आधी मी तिला तिचं धुणं सविस्तर सांगायला लावलं. रात्रभर डिटर्जंटमध्ये भिजत घालायचं, सकाळी साबणाच्या वडीने घासायचं, मग पातेल्यात उकळायचं, जंतुनाशक घातलेल्या पाण्यातून काढायचं आणि शेवटी सुगंधी सॉफ्टनर. पुरळ वाढलं की प्रत्येक गोष्टीचं माप थोडं वाढवायचं. घर वाघोलीच्या पुढे, सोसायटीत बोअरचं पाणी, ते आटलं की टँकर.

मी माझ्या बाटलीतल्या पाण्याचा एक थेंब त्या लंगोटावर टाकला. तो मुरलाच नाही. अळवाच्या पानावर राहावा तसा गोल होऊन बसला. ती बघतच राहिली.

"मग बाळाची शू कुठे जाते?" तिनेच विचारलं.

शू कापडात शिरत नव्हती, कातडीलगत साचत होती. सॉफ्टनरने कपडा मऊ लागतो तो धाग्यांवर चढलेल्या बुळबुळीत थरामुळे, आणि तोच थर पाणी शोषू देत नाही. साडीला चालेल, लंगोटाला आणि पंचाला नाही. शिवाय त्यातला सुगंध नाजूक त्वचेला झोंबू शकतो. कडकपणा मात्र पाण्यातून आला होता. बोअरच्या जड पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम असतं, वडीचा साबण त्यांच्याशी मिळून फेसाऐवजी चिकट साका बनतो आणि धाग्यांत बसतो. त्यावर आणखी साबण म्हणजे आणखी साका. ती जितकी जास्त मेहनत घेत होती तितका लंगोट बिघडत होता.

मी तिला बरंचसं बंद करायला सांगितलं. सॉफ्टनर बंद, जंतुनाशक बंद, रोजचं उकळणं बंद. शी झालेला लंगोट आधी गार पाण्याखाली साफ करून वेगळ्या बादलीत ठेवायचा. गरम पाण्याने शीचा आणि दुधाचा डाग उलट पक्का होतो. मग बिनसुगंधाची थोडीशी पावडर आणि जड पाणी आहे म्हणून बादलीला चमचाभर धुण्याचा सोडा. त्यानंतर तीनदा स्वच्छ पाणी. शेवटच्या पाण्यात फेस किंवा गढूळपणा दिसला तर आणखी एकदा. जुना साका निघेपर्यंत काही दिवस शेवटच्या बादलीत अर्धी वाटी पांढरं व्हिनेगर. कपडा वाळला की त्याचा वास जातो. फक्त ब्लीचच्या जवळ ते कधीही न्यायचं नाही, विषारी वायू तयार होतो. वाळत घालताना कपडा जोरात झटकायचा, वारा लागेल असा टांगायचा, काढल्यावर दोन्ही हातांनी चोळायचा. पावसाळ्यात दमट राहिला तर इस्त्री फिरवायची. विणलेलं टोपरं आणि स्वेटर मात्र कोमट पाण्यात, न पिळता, टॉवेलमध्ये दाबून आडवं वाळवायचं. मेणकापड साबणाच्या पाण्याने पुसलं तरी पुरतं. नवी झबली दुकानातून आणली की एकदा धुऊनच घालायची, कारण त्यांत खळ आणि रंग असतो.

हे बोलणं चालू असताना सासूबाई आत आल्या. त्यांना विचारायचं होतं की ट्रंकेतली गोधडी काढली तर चालेल का. स्वतःच्या जुन्या नऊवारींची, हाताने टाके घातलेली. मी विचारलं, ट्रंकेत काय घालून ठेवली होती? डांबर गोळ्या.

इथे मी जराही सैल सोडत नाही. त्या गोळ्यांत नॅफ्थलीन असतं. काही बाळांच्या रक्तात जी-सिक्स-पीडी नावाचं विकर (एन्झाइम) जन्मतःच कमी असतं, आणि ते घरात कुणाला माहीत नसतं. अशा बाळाच्या तांबड्या पेशी नॅफ्थलीनने फुटतात, कावीळ गंभीर होऊ शकते. नुसतं ऊन दाखवून भागत नाही. सासूबाईंचा चेहरा उतरला, मला वाईट वाटलं. आजीची गोधडी नाकारणं सोपं नसतं. आम्ही ठरवलं की गोधडी धुऊन, वास पूर्ण जाईपर्यंत गच्चीवर वाळवायची आणि बाळ मोठं झाल्यावर द्यायची. पुढे ट्रंकेत कडुलिंबाचा वाळलेला पाला. आत्तासाठी त्यांनी एका जुन्या, धुऊन मऊ पडलेल्या सुती साडीची दुपटी फाडायचं कबूल केलं.

एवढ्यावर भेट संपली असती. पण माझं लक्ष तिच्या हातांकडे गेलं. बोटांच्या पेरांना भेगा होत्या, दोन ठिकाणी रक्त सुकलेलं. सासूबाईंना बाहेर बसायला सांगून मी विचारलं, "धुणं झालं की किती वेळ बरं वाटतं?"

"पाच मिनिटं." मग हळू आवाजात, "रात्री दोनला उठून परत धुतलं. दोरीवर कबुतराचं पीस दिसलं. सारखं वाटतं, माझ्याच हातून त्याला काहीतरी होणार."

बाळंतपणानंतरचं रडवेलेपण बहुतेकींचं दोन आठवड्यांत ओसरतं. इथे दहा झाले होते. मी तिला बाळंतपणानंतरचं नैराश्य ओळखण्यासाठीच्या एडिनबर्ग प्रश्नावलीचे दहा प्रश्न विचारले. ही प्रश्नावली 1987 पासून वापरात आहे. शेवटचा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचाराबद्दल असतो. त्याला तिने ठामपणे "कधीच नाही" म्हटलं, तरी बाकीच्या उत्तरांवरून मी तिला मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं. तिची एकच शंका होती, दूध तोडावं लागेल का. अंगावर पाजताना चालतात अशी औषधं आहेत, डॉक्टर पाहून देतात. रात्री-अपरात्री घाबरं झालं तर 14416 हा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा मोफत क्रमांक आम्ही फ्रिजवर लावायचा ठरवला.

पुढच्या भेटींत कपड्यांबद्दल बोलणं कमी झालं. सकाळचं धुणं सासूबाईंनी घेतलं. तिच्यासाठी नियम एकच: दोरीवरून काढलेला कपडा न तपासता घडी करून ठेवायचा. पहिल्या दिवशी तिने दोन लंगोट असे ठेवले आणि तासभर बेचैन होती. पाचव्या दिवशी सगळे ठेवले. दोन आठवड्यांत मांड्या निवळल्या. लाल चट्ट्यांभोवती बारीक ठिपके उठले असते, तर मी तिला बुरशीच्या शंकेने पुन्हा बालरोगतज्ज्ञांकडेच धाडलं असतं.

दीड महिन्याने तिचा फोन आला. "ताई, आज टोपरं दोरीवरून खाली पडलं. झटकलं आणि घातलं." मागे बाळ कुरकुरत होतं. तिला दूध पाजायचं होतं, तिने फोन ठेवला.