सेल्स अकाउंट एक्झिक्युटिव्ह म्हणजे टॅलीवाला नव्हे

तुझा प्रश्न मला समजला तो असा: फोंड्यात बी.कॉम. केलंस, पणजीतल्या एका कंपनीनं हॉटेलांना सॉफ्टवेअर विकायला 'सेल्स अकाउंट एक्झिक्युटिव्ह' म्हणून बोलावलंय, घरच्यांना ती हिशेबाची खुर्चीतली नोकरी वाटतेय, आणि तुला इंग्रजीची धास्ती आहे. घ्यावी की नको? (माझ्या भाच्याच्या वयाचा आहेस, म्हणून सरळ 'तू' म्हणतो.)

आधी घरच्यांचा गैरसमज काढ. जाहिरातीत 'अकाउंट्स एक्झिक्युटिव्ह' असेल तर ते बहुधा टॅली, जीएसटीचं रिटर्न, बँकेचा ताळमेळ. सोबत 'सेल्स' असेल तर अकाउंट म्हणजे गिऱ्हाईक. ते शोधायचं, डेमो द्यायचा, कोटेशन, घासाघीस, पीओ (म्हणजे गिऱ्हाईकाची लेखी खरेदी-ऑर्डर), आणि पुष्कळदा वसुलीसुद्धा. मोठ्या कंपन्यांत फोन करून भेटी ठरवणारा एक आणि सौदा पुरा करणारा दुसरा असतो. आपल्याकडच्या लहान ऑफिसात ते दोघेही तूच.

मी सतरा वर्षं यात आहे. आधी हॉटेलांना लाँड्रीची यंत्रं विकली, आता वेर्णा आणि कुंडईच्या कारखान्यांना पॅकिंगचं सामान विकतो. पहिल्या वर्षी नोव्हेंबरात रुजू झालो आणि अख्खा डिसेंबर कळंगुट-बागा पट्ट्यात स्कूटर पळवली. खोल्या भरलेल्या, माणसं कमी, त्यात मी माहितीपत्रकं घेऊन उभा! एका हॉटेलचे मॅनेजर मात्र दर वेळी कॉफी पाजायचे आणि म्हणायचे, "जानेवारीत बघू." मी वहीत 'ऑर्डर नक्की' असं लिहून ठेवलं. एप्रिलात कळलं की सही मालकाची, मालक मुंबईत, आणि यंत्र कुठलं घ्यायचं ते ठरवतो लाँड्रीचा सुपरवायझर. तो मला रोज मागच्या दारानं आत सोडायचा. त्याला मी एकदाही विचारलं नव्हतं, "दादा, सध्याच्या यंत्राचा त्रास काय आहे?" दुसऱ्या कंपनीच्या माणसानं विचारलं. ऑर्डर त्याची.

म्हणून प्रत्येक गिऱ्हाईकाच्या पानावर तीन नावं लिही: वापरणार कोण, ठरवणार कोण, पैसे सोडणार कोण. कंपनीची सीआरएम (गिऱ्हाईकांच्या नोंदी ठेवायचं सॉफ्टवेअर) असेल तर तिथेही भर, पण स्वतःची वहीसुद्धा ठेव.

दुसरी गोष्ट वेळापत्रकाची, आणि गोव्यात हीच मोठी. हॉटेलांचा हंगाम ऑक्टोबरपासून. दुरुस्त्या, रंगरंगोटी, नवी यंत्रणा बसवणं, स्टाफला शिकवणं हे सगळं पावसाळ्यात उरकतात. म्हणजे बोलणी मार्च-एप्रिलात सुरू व्हायला हवीत, सप्टेंबरअखेर गेलास तर "पुढच्या वर्षी." चतुर्थीच्या आधीचा आठवडा आणि नंतरचे काही दिवस निर्णय कुणीच घेत नाही, तेव्हा फोन करून स्वतःचं हसं करून घेऊ नकोस. मडगाव-म्हापशाच्या जुन्या पेढ्यांत दुपारी एक ते साडेतीन-चार शटर खाली असतं. कारखान्यांचं तंत्र वेगळं: आधी व्हेंडर म्हणून नोंदणी, मग सॅम्पल, मग कधीतरी पीओ. फार्मावाल्यांकडे तर आणखी कागद. तिथे घाई चालत नाही, पण एकदा आत शिरलास की वर्षानुवर्षं टिकतोस.

आता पगार. फिक्स्ड किती आणि इन्सेंटिव्ह किती हे तर सगळेच विचारतात. तू हे विचार: इन्सेंटिव्ह ऑर्डरवर, बिलावर की पैसे आल्यावर? माझी मार्चची एक ऑर्डर होती, पैसे आले डिसेंबरात, तोवर मी ती कंपनी सोडलेली. इन्सेंटिव्ह बुडालं, ऑफर लेटरमध्ये तसंच लिहिलेलं होतं, मीच वाचलं नव्हतं. वसुलीसाठी एक माहिती जवळ ठेव: तुझी कंपनी सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून सरकारच्या 'उद्यम' पोर्टलवर नोंदलेली असेल, तर २००६च्या एमएसएमई (सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग) कायद्यानुसार पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात, लेखी करारात जास्त मुदत घातली तरी. हे गिऱ्हाईकाच्या अंगावर फेकायचं नसतं, त्याच्या अकाउंटंटला गोडीनं आठवण करून द्यायची असते. बी.कॉम. आहेस, इथे तुझं नाणं चालेल.

टार्गेटचा हिशेब तिथल्या तिथे मांड. समजा महिन्याला पाच लाख आणि सरासरी ऑर्डर पन्नास हजारांची, तर दहा ऑर्डरी. चार कोटेशनांतलं एक लागतं धरलं तर चाळीस कोटेशनं, दर महिन्याला. त्यांनी दिलेल्या भागात तेवढी हॉटेलं तरी आहेत का? आणि मागच्या वर्षी हे टार्गेट कुणी गाठलं, हे विचारायला लाजू नकोस. उत्तर देताना ते एकमेकांकडे बघायला लागले तर समजून जा. पेट्रोलचे पैसे किलोमीटरवर की ठोक, तेही विचार. फोंड्याहून पणजी करून पुढे म्हापसा, झालंच तर परतीला मडगाव, खिसा लवकर रिकामा होतो.

इंग्रजीचं इतकं मनावर घेऊ नकोस. साखळी हॉटेलांतले मॅनेजर बरेचदा बाहेरचे असतात, तिथे हिंदी-इंग्रजी लागेल. पण स्टोअरमध्ये, गेटवर, अकाउंट्समध्ये आपलीच माणसं, आणि कोंकणीत 'कशें आसा?' म्हटलं की निम्मी माहिती आपोआप मिळते. भेटून आल्यावर त्याच संध्याकाळी चार ओळींचा इंग्रजी ईमेल टाक: काय ठरलं, कोण काय करणार, कुठल्या तारखेला. तेवढं इंग्रजी महिन्याभरात येतं.

माझं मत विचारशील तर घे, पण आधी त्यांच्या जुन्या माणसाबरोबर एक दिवस फिरायला माग. आणि ऑफर लेटरमधला इन्सेंटिव्हचा परिच्छेद कंपनीचं नाव खोडून इथे टाक, वाचून सांगतो.