पत्र्याच्या शेडला सजावटी दर्शनी भाग लावताना

पत्र्यावरच दगडी टाइल चिकटवायचा विचार सोडून दे. अर्ध्या मिलिमीटरचा पत्रा स्वतःलाच कसाबसा सावरतो. वजन आणि वाऱ्याचा जोर मागच्या गर्टवर, म्हणजे पत्रा ज्यांना ठोकलेला असतो त्या आडव्या पोलादी पट्ट्यांवर, गेला पाहिजे. वेगळी फ्रेम कर, आणि गर्ट तो भार पेलतील का, हे आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून तपासून घे.

खरी डोकेदुखी उन्हाची. तापमानात ४० अंशांचा फरक पडला की १० मीटर पोलादी पत्रा सुमारे ५ मिमी वाढतो, अ‍ॅल्युमिनियम जवळपास दुप्पट! म्हणून फ्रेम एका ठिकाणी घट्ट बांध, बाकी सगळीकडे लांबट भोकं ठेव. स्क्रूखाली रबरी वॉशर हवाच, नाहीतर पावसात गळती ठरलेली.

एसीपी (दोन पातळ अ‍ॅल्युमिनियम पत्र्यांमध्ये गाभा भरलेलं पॅनेल) घेणार असशील तर स्वस्तातलं पॉलिथिलीन गाभ्याचं नको. लंडनच्या ग्रेनफेल टॉवरवर २०१७ साली तेच पेटलं, ७२ माणसं गेली.