मले नाही आवडत

"मॅडम, पोट्टी कशातच भाग घेत नाही जी." या हिवाळ्यात हे वाक्य मी किती आईबापांच्या तोंडून ऐकलं त्याचा हिशोब नाही. कोणाचा पोरगा गॅदरिंगच्या दिवशीच पोट दुखतं म्हणून घरी थांबतो, कोणाची पोरगी विज्ञान प्रदर्शनाला नाव देत नाही, आणि पाठोपाठ दुसरी काळजी असतेच की भाग घेतला तर दहावीच्या अभ्यासाचं काय. म्हणून म्हटलं एकदा नीट लिहावंच.

यवतमाळ जिल्ह्यात घाटंजीकडच्या एका शाळेत मी समुपदेशक म्हणून दर गुरुवारी जायची. तिथं नववीतली एक मुलगी आईसोबत आली (ओळख पटेल अशा गोष्टी बदलल्यात). आई बोलत होती, ही ओढणीच्या टोकाला गाठ मारायची, सोडायची, परत मारायची.

"खेळायला आवडत नाही का तुला?"

"मले नाही आवडत."

"काऊन?"

"असंच."

तीन गुरुवार याच्यापुढं गाडी सरकली नाही. सगळे म्हणत होते पोरगी लाजाळू आहे, कॉन्फिडन्स नाही. मला ते पटत नव्हतं, कारण खिडकीबाहेर खो-खो चालू असला की हिची मान तिकडं वळायची, आणि कोणी चुकीचा खो दिला तर हिच्या कपाळावर आठी पडायची. नावड असलेलं पोरगं असं बघत नाही.

चौथ्या गुरुवारी मी खेळाचं नावच काढलं नाही. म्हटलं, "शाळा सुटल्यापासून घरी पोचेपर्यंत काय काय होते ते सांग."

"पाचले सुटते. पाच वीसले निळी गाडी. थी गेली का मंग सातची."

"आणि सातच्या गाडीनं गेली तर?"

"फाट्यापासून पायी जा लागते अंधारात. बाबा येतीन घ्याले, पण वेचणीच्या दिवसात त्याईले कसं जमन?"

निळी गाडी म्हणजे सरकारच्या मानव विकास कार्यक्रमाची, शाळेत जाणाऱ्या मुलींना फुकट असलेली बस. आणि शाळेची प्रॅक्टिस पाचनंतर! मी गप्प बसले. बराच वेळ गेला. मग खाली बघतच ती म्हणाली, "आठवीत नाव देल्लं होतं मी. दोन दिवस गेली, मंग घरून नाही म्हणे. सर सगळ्या वर्गासमोर म्हणे, जमत नाही तं नाव कायले देता? तवापासून मीच म्हणते, मले आवडत नाही."

ते ऐकलं आणि माझ्या अंगावर काटा आला. म्हणजे एवढे दिवस ज्याला आपण निरुत्साह म्हणत होतो ती त्या लेकरानं स्वतःची झाकलेली इज्जत होती. मी मानसशास्त्रज्ञ आल्फ्रेड ॲडलरला मानणारी आहे. माणसाला आधी आपली जागा हवी असते, आणि ती मिळणार नाही असं वाटलं की तो मागितल्याआधीच मागं सरतो, हे व्हिएन्नाच्या त्या डॉक्टरनं शंभर वर्षांपूर्वी ओळखलं, आणि मला ते दर आठवड्याला आपल्या गावांत दिसतं. लाजाळू समजून मी तिला धीट बनवायचे धडे देत बसले असते तर वर्ष वाया गेलं असतं. तीन गुरुवार थांबले याचं समाधान आहे मला.

उपाय मात्र तिनंच काढला. "सकाळची गाडी सव्वादहाले येते, शाळा अकराले भरते. तोवर आम्ही बसूनच राहतो." हेडमास्तरांशी बोलणं झालं, प्रॅक्टिस सकाळी आली, आणि बसनं येणाऱ्या सहा पोरी एकदम मैदानात उतरल्या! त्यांच्याबद्दलही आवड नाही असंच ऐकलं होतं मी.

खो-खोत आठ जणी ओळीनं बसतात, एकीचं तोंड इकडं तर दुसरीचं तिकडं, नववी धावते. बसलेलीच्या पाठीला हात लावून मोठ्यानं "खो" म्हणावं लागतं, नाहीतर फाऊल. पहिले आठ दिवस हिचा खो पुढचीलाच ऐकू येत नव्हता. नंतर एका सकाळी मी स्टाफरूममध्ये चहा घेत होते आणि मैदानावरून तो आला, खणखणीत. कप तसाच ठेवून मी दारात जाऊन उभी राहिले.

आता पालकांना सांगते. "नाव काऊन नाही दिलं" असं विचारू नका, "सगळं जमलं असतं तर कशात दिलं असतं" असं विचारा, आणि मग गाडी, ड्रेसचे पैसे, शेतातलं काम, कोणी उडवलेली टर, यातलं काय आडवं येतं ते हळूच बघा. सगळ्यांना स्टेज नको असतं, कोणाला पडदा ओढायला, माईक लावायला द्या, तोही भागच आहे. सरांना विनंती एवढीच की नाव मागं घेणाऱ्याला वर्गासमोर बोलू नका, बाजूला घेऊन विचारा. आणि मार्कांचं म्हणाल तर इंटरमिजिएट या सरकारी ड्रॉइंग परीक्षेला ए ग्रेडचे 7, बीचे 5, सीचे 3 गुण दहावीत वाढतात, ठरलेल्या पातळीवर खेळणाऱ्याला क्रीडा गुण आहेत, पुढं सरकारी नोकरीत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे. पण एका वेळी एकच गोष्ट धरा, चार नको.

तिचे बाबा कधी शाळेत आले नव्हते. डिसेंबरात आले, हाताला कापसाच्या बोंडांचे ओरखडे, दारातच उभे राहिले.

"मॅडम, येत्या गुरुवारी तिले नका बोलावू जी," ते म्हणाले, "तालुक्याले मॅच हाये तिची. मी बी चाल्लो."