फ्रेंचांकडून इंग्रजांकडे गेल्यावर मॉरिशसचा समाज कितपत बदलला?

गव्हर्नर बदलला, मळेवाले तेच राहिले, आणि मळ्यावर राबणारी माणसं मात्र पार बदलली. उत्तर एवढंच. पण तुम्ही पुढे असंही विचारलंय की दीडशेहून जास्त वर्षं इंग्रजांचं राज्य असूनही तिथे फ्रेंचचा पगडा कसा राहिला, आणि 'इंग्रज आले म्हणून सुधारणा झाली' हे खरं का. हे वाक्य मी माझ्या मेहुण्याच्या तोंडून इतक्यांदा ऐकलंय की आता लिहिल्याशिवाय राहवत नाही. बायको तिथली, वाकोआची. तिचे पूर्वज रत्नागिरीकडून ऊसमळ्यावर गेलेले. मी चिपळूणचा.

१८१० च्या ऑगस्टमध्ये बेटावरच्या ग्रां पोर बंदरात इंग्रजांच्या आरमाराने सपाटून मार खाल्ला होता. डिसेंबरात ते दणदणीत फौज घेऊन परत आले (त्यात आपले हिंदी शिपाईही होते) आणि बेट घेतलं. त्यांना हवं होतं बंदर, कारण तिथून फ्रेंच चाचे हिंदुस्थानच्या वाटेवरची जहाजं लुटायचे. तिथल्या लोकांशी त्यांना काही देणंघेणं नव्हतं. म्हणून शरणागतीच्या अटींतच लिहून दिलं की रहिवाशांचा धर्म, कायदे, चालीरीती आणि मालमत्ता यांना हात लावणार नाही. १८१४ च्या पॅरिस तहात मॉरिशस ठेवून घेतलं, शेजारचं रियुनियन फ्रान्सला परत दिलं. १८३६ मध्ये निसर्गशास्त्रज्ञ डार्विन राजधानी पोर्ट लुईला उतरला तेव्हा त्यालाही गाव अगदी फ्रेंच वाटलं. इंग्रज साहेबसुद्धा नोकरांशी फ्रेंचमध्ये बोलत होते. पंचवीस वर्षं राज्य करून ही गत.

कायद्याचं तर विचारूच नका. सासरे वारले तेव्हा हे मी जवळून पाहिलंय. सासूबाई आधीच गेल्या होत्या, मागे मेहुणा आणि माझी बायको, दोघंच. सासऱ्यांनी स्वतःच्या हाताने मृत्युपत्र लिहून ठेवलं होतं: घर आणि जमीन मुलाला, मुलीला आईच्या बांगड्या. मेहुणा निर्धास्त. म्हणाला, हा इंग्रजांचा देश आहे, बापाने लिहिलं ते लिहिलं.

मग आम्ही नोतेरकडे गेलो. आपल्याकडचा नोटरी कोर्टाबाहेर टेबल टाकून शिक्के मारतो, त्यातला हा प्रकार नव्हे. तिथला नोतेर म्हणजे बडं प्रस्थ, घरं-जमिनी-वारसा सगळं त्याच्या हातून जातं. त्याने मृत्युपत्र फ्रेंचमध्ये मोठ्याने वाचलं, चष्मा काढला आणि मेहुण्याला क्रिओलमध्ये (फ्रेंचमधून घडलेली तिथली बोली) शांतपणे सांगितलं की मृत्युपत्र खरं आहे, पण ते पूर्ण चालणार नाही. दोन मुलं असली की बापाला फक्त एक तृतीयांश मिळकत मनाप्रमाणे देता येते. उरलेल्या दोन तृतीयांशावर मुलांचा हक्क, मुलगा असो की मुलगी. म्हणजे बायकोचा तिसरा हिस्सा पक्का. हा नियम थेट नेपोलियनच्या संहितेतून, म्हणजे फ्रेंच दिवाणी कायद्यातून आलेला. मेहुण्याचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. पुढे वाटणीचा दस्त झाला तेव्हा प्रत्येक पानाच्या कडेला आम्ही आद्याक्षरं करत होतो आणि तो दर पानाला उसासा टाकत होता. जमिनीचं मोजमापही एकरात नव्हतं, आर्पां आणि पेर्शमध्ये होतं. शंभर पेर्शचा एक आर्पां, एकराहून थोडा मोठा. हे माप फ्रान्सने केव्हाच टाकून दिलं, मॉरिशसमध्ये अजून चालतं.

आजही तिथली दिवाणी संहिता फ्रेंचमध्ये आहे, संसदेचे कायदे इंग्रजीत, वरच्या कोर्टाची भाषा १८४७ पासून इंग्रजी, आणि शेवटचं अपील लंडनला प्रिव्ही कौन्सिल या ब्रिटिश न्यायपीठाकडे. स्वातंत्र्य १९६८ चं, तरी! वर्तमानपत्रं बहुतेक फ्रेंच, घरात क्रिओल.

मग बदललं काय? खरा बदल १८१० चा नाहीच. १८२५ मध्ये लंडनने मॉरिशसच्या साखरेवरचा कर वेस्ट इंडीजच्या साखरेइतका खाली आणला, आणि जो तो ऊस लावायला लागला. त्याच सुमारास गुलामगिरी मोडायची बोलणी सुरू झाली. मळेवाले गप्प बसले नाहीत. १८३२ मध्ये जॉन जेरेमी नावाचा सरकारी वकील लंडनहून आला, तर त्यांनी अख्खं शहर बंद पाडून त्याला परत पाठवलं. शेवटी १ फेब्रुवारी १८३५ ला गुलामी संपली. भरपाई म्हणून वीस लाख पौंडांहून जास्त रक्कम मिळाली, ती मालकांना. गुलामांना एक छदामही नाही. वर आणखी चार वर्षं त्याच मालकांकडे 'उमेदवारी'च्या नावाखाली राबायचं. याला मेहुणा सुधारणा म्हणतो.

सुटलेल्या लोकांनी मळ्यांकडे पाठ फिरवली, आणि ती जागा आपल्या लोकांनी भरली. गुलामी संपणार हे दिसताच, नोव्हेंबर १८३४ मध्येच 'अॅटलस' जहाजातून पहिले छत्तीस गिरमिटिये (करारावरचे मजूर) कलकत्त्याहून आले. पुढे मुंबई बंदरातूनही जहाजं सुटली. १८६१ पर्यंत बेटावरचे दर तीनांतले जवळपास दोघे हिंदी होते. १८६७ च्या कायद्याने त्यांना फोटो लावलेला पास जवळ ठेवावा लागे, नसला की पोलीस भटका म्हणून आत टाकत. बायकोच्या घराण्यात एकाला असं धरलं होतं, तो कागद मी पाहिलाय. पुढे साखरेचे भाव पडल्यावर मळेवाल्यांनी कडेकडेचे तुकडे विकायला काढले, ते याच लोकांनी पै-पै साठवून घेतले. सासऱ्यांची जमीन त्यातलीच. ती ना फ्रेंचांनी दिली, ना इंग्रजांनी. गणपतीत ही मंडळी जाखडी नाचतात ती मात्र थेट आपल्या रत्नागिरीची, बोलणं सगळं क्रिओलमध्ये असलं तरी.

तुमच्यापैकी कुणाचं सासर तिथे असेल तर आधी नोतेरला भेटा, मेहुण्याला नंतर. 'इंग्रजी देश आहे, मृत्युपत्र पुरे' असं सांगणाऱ्याचं ऐकू नका.

आता थोडं सांभाळून. मी वकील नाही, तुमच्या प्रकरणाचं तिथल्याच माणसाला विचारा. इंग्रजांनी काहीच केलं नाही असंही नाही: स्वतंत्र पण गोऱ्या नसलेल्या लोकांवरची कायद्यातली बंधनं १८२९ मध्ये त्यांनीच काढली, आणि गिरमिटियांच्या हालांची चौकशी करायला १८७२ मध्ये शाही आयोगही नेमला. फ्रेंच राहिले असते तर गुलामी कदाचित १८४८ पर्यंत चालली असती, त्यांच्या इतर वसाहतींत तेव्हाच संपली. हा मुद्दा मेहुण्याचा आहे आणि बरोबर आहे. गुलामांच्या वंशजांबद्दल मी इथे फार कमी लिहिलंय. त्यांच्या वाट्याला जमीन जवळजवळ आलीच नाही, त्यावर वेगळा प्रश्न टाका.

आणि मेहुणे, वाचत असाल तर मोजणीचा निम्मा खर्च अजून तुमच्याकडून यायचाय.