बाहेरून ॲडजस्ट होणारा जुना टार्गेट स्कोप (रायफलीवरची नेमाची दुर्बीण) दर गोळीला पुढे सरकतो. रिंग आवळून नळी पक्की करू का?

नका करू, नळी सरकायलाच हवी. उनर्ट्ल, फेकर, लायमन टार्गेटस्पॉट या घराण्याच्या स्कोपांत आतली क्रॉसहेअर (नेम धरायच्या उभ्या-आडव्या तारा) हलत नाही. मागच्या माउंटचे (नळी धरणाऱ्या पकडीचे) दोन स्क्रू सगळी नळीच ढकलतात. गोळी सुटली की रायफल मागे येते आणि नळी जडत्वाने जागीच राहते. ती जखडली तर तो धक्का माउंटवर आणि आतल्या केसाएवढ्या तारांवर बसतो.

दर गोळीनंतर बोल्ट उघडा, नळी सरळ मागे ओढा. नळीवरची स्टॉप रिंग माउंटला टेकली पाहिजे. ओढताना पिळू नका. परत आणणारी स्प्रिंग असली तरी हाताने खात्री करा, कारण ती कधी कधी नळी अर्ध्यातच सोडते. नळी कोरड्या फडक्याने पुसून तेलाचा जेमतेम हात फिरवा; ग्रीस नको, त्यात धूळ बसते आणि नळी अडखळते.

ग्रुप (टार्गेटवरचा गोळ्यांचा पुंजका) भटकण्याचं खरं कारण बहुतेक वेळा मागच्या माउंटमध्ये सापडतं. तिथे नळी स्क्रूंची टोकं आणि समोरची स्प्रिंग यांच्यात धरलेली असते. स्क्रू आत फिरवला तर तो नळीला ढकलतो. बाहेर फिरवला तर नळीला स्प्रिंगच्या भरवशावर त्याच्यामागे यावं लागतं, आणि जुनी स्प्रिंग आळशी असते. म्हणून शेवटची हालचाल नेहमी आतच. वरचा स्क्रू बाहेर फिरवला की नळीची मागची बाजू वर येते, आणि मागची बाजू वर गेली की मारा वर जातो. समजा 8 क्लिक (स्क्रूचे टप्पे) वर जायचंय: 18 क्लिक बाहेर, मग 10 आत.

एका क्लिकने मारा किती सरकतो हे दोन बेसमधल्या (रायफलीवर माउंट बसतात त्या तुकड्यांमधल्या) अंतरावर ठरतं. नेहमीच्या माउंटचा एक क्लिक स्क्रूला 0.0005 इंच सरकवतो. बेस 7.2 इंचांवर असतील तर 100 यार्डांवर बरोबर पाव इंच. 10 इंचांवर असतील तर 0.18 इंचच. मोजपट्टी लावून बघा, जुन्या रायफलींवर भोकं कुणी कुठेही पाडलेली असतात.

पॅरालॅक्स (डोकं हलवलं की क्रॉसहेअर टार्गेटवर सरकल्यासारखी दिसणं) पुढच्या भिंगाच्या स्लीव्हने काढायचा, पण त्याआधी स्कोप आकाशाकडे रोखून क्रॉसहेअरच्या तारा काळ्याभोर दिसेपर्यंत आयपीस (डोळ्याकडचं भिंग) फिरवा. मग रायफल टेकवून डोकं हलवा: तारा टार्गेटवर फिरत असतील तर स्लीव्ह थोडी वळवा, थांबल्या की लॉक रिंग बोटांनी लावा.