इंग्रजीत व्याकरण बरोबर असूनही माझा परिच्छेद विस्कळीत का वाटतो?

बहुतेक वेळा मुद्दा परिच्छेदाच्या शेवटी सापडतो म्हणून. तो उचलून पहिल्या वाक्यात ठेवा. मी विद्यार्थ्यांचे इंग्रजी निबंध तपासते, त्यात हीच गोष्ट सर्वांत जास्त दिसते. समजा, पहिलं वाक्य ‘सायकलिंग सेव्ह्ज मनी’ असं आहे. मग पेट्रोल, पार्किंग, दुरुस्तीचा खर्च हे सगळं आत चालेल; ‘सायकलनं तब्येत सुधारते’ हे कितीही खरं असलं तरी पुढच्या परिच्छेदात.

दुसरी खोट वाक्यांच्या सांध्यात असते. तिथे ‘मोरओव्हर’, ‘फर्दरमोर’ पेरून काही होत नाही (उलट निबंध पाठ केल्यासारखा वाटतो). आधीच्या वाक्यातला शब्द पुढच्या वाक्याच्या सुरुवातीला घ्या. एक वाक्य ‘अ न्यू रूल’वर संपलं, तर पुढचं ‘दिस रूल’नं सुरू करा. नुसतं ‘दिस’ लिहिलंत तर वाचणारा मागे जाऊन शोधत बसतो.

मात्र हे निबंध, अहवाल, परीक्षेतली उत्तरं अशा लेखनासाठी. गोष्ट किंवा प्रसंग लिहिताना मुद्दा आधीच सांगितलात तर मजा जाते.