वाचकांचे प्रश्न : ‘सुपरस्टिशन’मध्ये गिटार कुठे आहे?

प्रश्न : ताई, नमस्कार. आमच्या भजनी मंडळात मी पेटी वाजवतो. धाकटा मुलगा इंजिनीअरिंगला आहे आणि कॉलेजच्या बँडमध्ये गिटार वाजवतो. सध्या घरात सकाळ-संध्याकाळ अमेरिकी गायक स्टीवी वंडरचं ‘सुपरस्टिशन’ चालू असतं. पन्नास वर्षांपूर्वीचं हे परदेशी गाणं आजची मुलं का वाजवतात? आणि आयुष्य भजनात गेलेल्या माझा पायही त्यावर ठेका का धरतो?
– एक वाचक, नेरूळ

उत्तर : दादा, पाय धरतोय ठेका तर धरू द्या. पेटी जवळच असेल, ती उघडा. काळी दोनचा षड्ज घ्या आणि फक्त काळ्या पट्ट्यांवर बोटं फिरवा. षड्ज, कोमल गंधार, मध्यम, पंचम, कोमल निषाद, म्हणजे धानीचे सूर. पाचही काळ्या पट्ट्या आल्या, पांढरी एकही लागली नाही. ‘सुपरस्टिशन’ची मुख्य सुरावट याच पाच सुरांवर उभी आहे. गाणं काही धानी रागात नाही, रागाचं चलन त्यात शोधू नका. पण सूर तुमच्या कानाच्या ओळखीचे आहेत आणि मला वाटतं, तुमचं निम्मं उत्तर इथेच मिळतं.

उरलेलं निम्मं गाणं कसं घडलं त्यात आहे. ती हकीकत माझी फार आवडती आहे, म्हणून सविस्तर सांगते.

साल १९७२. स्टीवी वंडर बावीस वर्षांचा होता. जन्मानंतर लवकरच दृष्टी गेलेला हा मुलगा अकराव्या वर्षी मोटाउन या रेकॉर्ड कंपनीत दाखल झाला आणि तेराव्या वर्षी त्याचं गाणं अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं. पण त्या कंपनीत काय आणि कसं रेकॉर्ड करायचं, हे वरचे लोक ठरवत. एकविसावं वर्ष पूर्ण झाल्यावर त्याने नवा करार केला आणि स्वतःच्या संगीताचा ताबा स्वतःकडे घेतला. मग न्यूयॉर्कमध्ये, गिटारवादक जिमी हेंड्रिक्सने उभारलेल्या इलेक्ट्रिक लेडी स्टुडिओत तो ‘टॉकिंग बुक’ या अल्बमच्या कामाला लागला.

तिथे इंग्लंडचा गिटारवादक जेफ बेक आला. स्टीवीच्या रेकॉर्डिंगमध्ये त्याने वाजवायचं आणि बदल्यात स्टीवीने त्याला एक गाणं द्यायचं, असं ठरलं होतं. बेक नंतर सांगत असे, की तो ड्रम्सवर सहज एक ठेका वाजवत बसला होता, तेवढ्यात स्टीवी आत आला आणि त्या ठेक्यावर त्याने पट्ट्यांवर सुरावट काढली. तीच ही. गाणं बेकसाठी होतं खरं, पण मोटाउनला त्यात मोठं यश दिसलं आणि स्टीवीचं रेकॉर्ड आधी बाजारात आलं. जानेवारी १९७३ मध्ये ते अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर होतं. बेकचं त्याच्या तिघांच्या बँडबरोबरचं रेकॉर्ड त्यानंतर आलं. दोन्ही ऐका. बेकचं दणकट आहे, गिटार कडाडते. पण त्यात हवा खेळत नाही.

आता तुमच्या मुलाला विचारा, की मूळ गाण्यात गिटार कुठे आहे. तो पटकन ‘सुरुवातीलाच!’ म्हणेल. ती गिटार नाहीच. गाण्यात एकही गिटार नाही, बास गिटारसुद्धा नाही. ते वाद्य आहे क्लॅव्हिनेट. माउथ ऑर्गनमुळे आपल्याकडे माहीत असलेल्या जर्मनीच्या होनर कंपनीने ते बनवलं, तेही घरात बसून जुन्या धाटणीचं युरोपीय संगीत वाजवणाऱ्यांसाठी. त्यात साठ पट्ट्या आणि साठ तारा असतात. पट्टी दाबली की खालचं रबरी टोक तारेला धातूवर आपटतं, आणि तारेचा कंप विजेच्या गिटारसारखाच पिकअपमधून, म्हणजे कंपाचा विजेचा संकेत करणाऱ्या भागातून, बाहेर येतो. पट्टी सोडली की लोकरीचा धागा तार लगेच गप्प करतो. ऐकू येते ती टणटणीत, तुटक सुरावट, कारण बोट उचलल्यावर सूर रेंगाळतच नाही.

स्टीवीने क्लॅव्हिनेटचे एकावर एक थर रेकॉर्ड केले. प्रत्येक थर वेगळा ऐकलात तर अर्धवट वाटेल. एक बोलतो तिथे दुसरा थांबतो. भजनात पखवाज, चकवा आणि टाळ एकमेकांच्या जागा ओळखून वाजतात ना, तसं. खालचा बास स्टीवीनेच मूग सिंथेसायझरवर, म्हणजे विजेवर सूर तयार करणाऱ्या यंत्रावर, वाजवला. त्या यंत्रातून असा गुबगुबीत आवाज काढून देणारे रॉबर्ट मार्गोलेफ आणि माल्कम सेसिल हे दोघे त्याच्या सोबत होते. ड्रम्सही त्याचेच. बाहेरचे वादक फक्त दोन, ट्रम्पेटला स्टीव्ह मडायो आणि टेनर सॅक्सोफोनला ट्रेव्हर लॉरेन्स.

बराच वेळ गाणं एकाच सुरावटीवर फिरतं. मग न कळणाऱ्या गोष्टींवर विश्वास ठेवलात तर भोगाल, अशा अर्थाची ओळ येते आणि तिथे कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे सूर, पंचमाच्या आसपास अर्ध्या-अर्ध्या सुराने सरकू लागतात. पायाखालची फरशी हलल्यासारखं होतं, आणि लगेच गाणं घराच्या षड्जावर परत येतं. ‘सुपरस्टिशन’ म्हणजे अंधश्रद्धा. फुटलेला आरसा, तेराचा आकडा, शिडी हे त्यांचे अपशकुन. आपल्याकडे रिक्षाला लिंबू-मिरची असते. शब्द कळले नाहीत तरी त्या सरकण्यातली भीती कळते. मी ती जागा आजही पुन्हा मागे नेऊन ऐकते.

आणि परिणाम म्हणाल, तर क्लॅव्हिनेट वाजवणारा स्टीवी पहिला नव्हता. त्याने स्वतः ते आधी वाजवलं होतं, बिली प्रेस्टनचं ‘आउटा-स्पेस’ही आधीचं. पण या गाण्यानंतर फंक, म्हणजे ठेक्यावर नाचवणारं अमेरिकी संगीत, म्हटलं की हाच आवाज, असं झालं. १९७३ मध्येच हर्बी हॅन्कॉकने जॅझमध्ये ‘कमिलियन’साठी तो घेतला, १९७५ मध्ये लेड झेपेलिनच्या ‘ट्रॅम्पल्ड अंडर फूट’मध्ये जॉन पॉल जोन्सने रॉकमध्ये नेला. तुमच्या मुलाच्या बँडला हे गाणं हवं असतं ते मात्र यासाठी नाही. प्रत्येकाच्या वाट्याला थोडंच येतं आणि ते वेळेवर आलं नाही तर सगळं कोसळतं, म्हणून हवं असतं. एकमेकांचं ऐकायला शिकवणारं याहून चांगलं गाणं मला माहीत नाही.

प्रश्न : मी बेंजो पार्टीत ऑक्टोपॅड वाजवतो. ‘सुपरस्टिशन’चा ठेका लूपवर टाकून पाहिला, पण मजा येत नाही. काय चुकतंय?
– एक वाचक, कळवा

उत्तर : तुमच्या हाताचं काहीच चुकत नाही, ते काम लूपचं नाही. ठेका कागदावर अगदी साधा आहे. चार मात्रा, किक (पायाने वाजणारा मोठा ड्रम) प्रत्येक मात्रेवर, स्नेअर (काठीने वाजणारा छोटा ड्रम) दुसऱ्या आणि चौथ्यावर. सगळी जादू हाय-हॅटमध्ये, म्हणजे झांजांच्या जोडीत आहे. सुरुवातीला नुसते ड्रम्स वाजतात तेवढा तुकडा कानाला लावून ऐका. बारीक मात्रा समसमान पडत नाहीत, किंचित झुलतात. दाब बदलतो, मधेच झांज थोडी उघडते आणि मिटते. एक आवर्तन दुसऱ्यासारखं नाही. लूपवर तुम्ही यातलं एकच आवर्तन पकडून शंभरदा ऐकवता.

तलावपाळीला विसर्जनाच्या मिरवणुकीत मी तुमच्यासारख्यांचे हात ऐकलेले आहेत. ताशाच्या अंगाचे सूक्ष्म दाब तुम्हाला येतात, तेच इथे वापरा. किक-स्नेअर हवं तर यंत्रावर ठेवा, हाय-हॅट काठीने वाजवा.

प्रश्न : माझ्याकडे छोटा कीबोर्ड आहे. हा आवाज त्यात मिळेल का?
– एक विद्यार्थिनी, घोडबंदर रोड, ठाणे

उत्तर : बहुधा मिळेल. होनरने क्लॅव्हिनेट बनवणं १९८० च्या दशकात बंद केलं, पण १९९१ मध्ये जनरल मिडी नावाची आवाजांची सर्वमान्य यादी ठरली, तिच्यात आठव्या क्रमांकावर क्लॅव्हिनेटला जागा मिळाली. तुझ्या कीबोर्डवर जनरल मिडीचे आवाज असतील तर पियानोच्या गटात ‘क्लॅव्ही’ शोध. सस्टेन (सूर लांबवणारी सोय) आणि रिव्हर्ब (घुमणारा आवाज) बंद कर, नाहीतर सूर एकमेकांत मिसळून चिखल होईल.

नौपाड्यात माझ्याकडे येणारी मुलं पट्टी बदलणारं ट्रान्सपोजचं बटण दाबून हे गाणं पांढऱ्या पट्ट्यांवर वाजवायला बघतात. तसं करू नकोस. काळ्या पट्ट्या उंच आणि अरुंद असतात, बोट आपोआप लवकर उचललं जातं आणि तुटकपणा तिथूनच येतो. उजव्या हाताने सुरावट, डाव्या हाताने मधल्या रिकाम्या जागी हलके ठोके. मूळ लय मिनिटाला साधारण १०० आहे. तू ७० वर सुरू कर आणि डावा हात उजव्याच्या आड येईनासा झाला की मगच वाढव.